सिझेरियनचे त्रास स्त्रीला आधीच सांगायला हवेत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सिझेरियनविषयी वृत्तपत्रांत जे काही छापून येते, ते बहुतेक वेळा एकाच प्रश्नाशी येऊन थांबते: या शस्त्रक्रिया गरजेपेक्षा जास्त होत आहेत का? प्रश्न महत्त्वाचा आहे. जागतिक आरोग्य संघटनेने १९८५ मध्ये १० ते १५ टक्के हे प्रमाण योग्य मानले होते. २०१५ मध्ये तिने असे मांडले की लोकसंख्येच्या पातळीवर हे प्रमाण १० टक्क्यांच्या पुढे गेल्यावर माता आणि नवजात मृत्यू आणखी घटताना दिसत नाहीत. २०२१ मध्ये तिनेच दिलेल्या आकड्यांनुसार जगातील २१ टक्के बाळंतपणे सिझेरियनने होत होती आणि २०३० पर्यंत हे प्रमाण २९ टक्क्यांच्या आसपास जाईल असा अंदाज होता. या आकड्यांवर वाद व्हायलाच हवा. मात्र त्या वादात एक गोष्ट कायम निसटते. शस्त्रक्रिया गरजेची असो वा नसो, ती होत असताना आणि झाल्यानंतर त्या स्त्रीच्या शरीरात काय काय घडते, याबद्दल तिला आधी जवळपास काहीच सांगितलेले नसते.

मी प्रसूती विभागात परिचारिका म्हणून काम करून निवृत्त झाले आहे. शस्त्रक्रियागृहात आणि नंतर बाळंतिणींच्या वॉर्डात अशा दोन्ही ठिकाणी मी राहिले, त्यामुळे एकाच स्त्रीचा पहिला तास आणि चौथा दिवस असे दोन्ही मला पाहता आले. त्यावरून माझी खात्री झाली आहे की ज्यांना बायका 'अचानक झालेला त्रास' म्हणतात, त्यांतले बहुतेक त्रास वैद्यकाला पूर्ण परिचित असतात, त्यांची कारणे माहीत असतात, आणि त्यांतले कित्येक तर रोजचेच असतात. अनपेक्षित असतात ते फक्त त्या स्त्रीला.

शस्त्रक्रियेपूर्वी संमतिपत्रावर सही घेतली जाते, तेव्हा मूत्राशयाला इजा होऊ शकते हे सांगितले जाते. असे हजारांत एखादीच्या बाबतीत घडते. रक्तस्राव आटोक्यात न आल्यास गर्भपिशवी काढावी लागेल हेही सांगितले जाते, आणि तेही क्वचितच घडते. ही माहिती द्यायलाच हवी, तिच्याबद्दल तक्रार नाही. पण जे निम्म्या स्त्रियांना होणार आहे, त्याचा त्या कागदावर बहुधा उल्लेखही नसतो. गंभीर पण विरळ असे सगळे कागदावर येते आणि साधे पण नेहमीचे असे सगळे त्या स्त्रीने टेबलावर पडल्या पडल्या स्वतःच शोधून काढायचे असते.

पाठीतल्या भुलीनंतर भरणारे कापरे हे त्याचे ठळक उदाहरण आहे. आज बहुतेक सिझेरियन शस्त्रक्रिया या भुलीवर होतात. मज्जारज्जू जिथे संपतो त्याच्या खाली, दोन मणक्यांच्या मधून बारीक सुई घालून मणक्यातील पाण्यात औषध सोडले जाते आणि काही मिनिटांत छातीपासून पायांपर्यंतचे अंग बधिर होते. स्त्री पूर्ण जागी असते. थोड्याच वेळात तिचे खांदे, हात आणि जबडा थरथरू लागतात. दातांवर दात आपटतात, रक्तदाबाचा पट्टा बांधलेला हात इतका हलतो की यंत्राला नीट मोजमाप घेता येत नाही, आणि ती घाबरून विचारते, "सिस्टर, मला फिट येतेय का?" विशेष म्हणजे पुष्कळ जणींना त्या वेळी थंडी वाजत असल्याचे जाणवतही नाही, त्यामुळे आपण का कापतो आहोत हे त्यांना कळत नाही. कारण असे की भुलीमुळे खालच्या अंगातील रक्तवाहिन्या सैल पडतात, शरीराच्या आतली उष्णता तिकडे पसरते, आतले तापमान उतरते आणि शरीर कापून उष्णता निर्माण करू पाहते. बधिर झालेल्या स्नायूंना कापता येत नाही, म्हणून सगळा भार वरच्या अंगावर येतो. अशा भुलीवरच्या सिझेरियनमध्ये जवळपास निम्म्या स्त्रियांना हे होते आणि बहुतेकींच्या बाबतीत ते आपोआप थांबते. गरम हवेचे पांघरूण, कोमट केलेले सलाईन आणि जास्तच झाले तर थोड्या मात्रेतले औषध एवढ्याने काम भागते. पण नेमक्या त्याच वेळी बाळ छातीशी दिले जाते. हात आवरत नाहीत म्हणून बाळाला नको म्हणणाऱ्या, आणि ती गोष्ट नंतर कितीतरी दिवस मनात धरून बसणाऱ्या आया मी पाहिल्या आहेत. हात कापतील, तरी बाळ घेता येईल, आम्ही खालून आधार देऊ, हे आदल्या दिवशी सांगितले असते तर त्यांच्या मनाला ते लागून राहिले नसते.

मळमळीचेही तसेच आहे. रक्तवाहिन्या सैल पडल्या की रक्तदाब उतरतो, आणि मॉनिटरवर आकडा दिसण्याआधीच पुष्कळदा स्त्रीला गरगरते, तोंडाला पाणी सुटते, उलटी होईलसे वाटते. म्हणूनच भूलतज्ज्ञ सतत विचारपूस करत असतात, टेबल डावीकडे कलवतात किंवा उजव्या कुशीखाली आधार देतात, कारण भरलेल्या गर्भाशयाचा भार पोटातील मोठ्या शिरेवर पडला तर हृदयाकडे जाणारे रक्त आणखी कमी होते. रक्तदाब सावरण्याचे औषध सलाईनमधून दिले की हा त्रास बहुधा मिनिटभरात ओसरतो. बाळ झाल्यावर गर्भाशय आवळण्यासाठी दिलेल्या औषधानेही चेहरा गरम होणे, छातीत धडधडणे, पुन्हा मळमळणे असे होऊ शकते. मळमळ होताच बोलायचे, गप्प राहून सहन करायचे नाही, एवढी एक सूचना दिलेली असली तरी डॉक्टरांचेच काम सोपे होते.

श्वासाची भीती याहून मोठी असते. छातीचा आणि पोटाचा भाग बधिर झाल्यामुळे आपला श्वास आत जातो आहे हे जाणवत नाही, आणि आपण गुदमरतो आहोत असे वाटू लागते. प्रत्यक्षात श्वासपटलाच्या, म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधल्या श्वासाच्या स्नायूच्या, नसा मानेतून निघत असल्याने ते व्यवस्थित काम करत असते. जिला सलग वाक्य बोलता येते आणि भूलतज्ज्ञांचे बोट घट्ट दाबता येते, तिची भूल योग्य पातळीवर आहे असे मानले जाते. मात्र हातांतली ताकद कमी झाली, आवाज बारीक होऊ लागला तर भूल वर चढत असल्याची शंका घ्यावी लागते आणि मग त्याकडे पळभरही दुर्लक्ष चालत नाही. बोट दाबायला का सांगितले जाते, हे माहीत असलेली स्त्री ती सूचना लक्षपूर्वक पाळते. माहीत नसलेली स्त्री अशा वेळी अधिकच घाबरते.

आता ज्या मुद्द्यावर मला सर्वांत जास्त बोलायचे आहे तो म्हणजे वेदना. पाठीतल्या भुलीत स्पर्श, ओढ आणि दाब जाणवतात, हे खरे आहे. पोटात कोणीतरी हात घालून काही शोधते आहे असे वाटते, आणि बाळ बाहेर काढताना साहाय्यक डॉक्टर बरगड्यांच्या खाली जोराने दाबतात तेव्हा काही क्षण श्वास अडकल्यासारखा होतो. हे सगळे अपेक्षित आहे. पण कापल्यासारखी, जळजळीत, असह्य कळ अपेक्षित नाही. भूल अपुरी पडणे किंवा शस्त्रक्रिया लांबल्यास तिचा असर कमी होणे, हे घडते, आणि ज्यांच्या बाबतीत घडते अशा स्त्रिया अपवाद म्हणून सोडून द्याव्यात इतक्या थोड्या नाहीत. अशा वेळी "थोडं दुखणारच, शांत पडून राहा" हे उत्तर चुकीचे आहे. छेद घेण्यापूर्वी गार वस्तूने आणि स्पर्शाने भूल कुठपर्यंत चढली ते नीट तपासायचे असते. मध्येच दुखू लागले तर शक्य असेल तिथे हात थांबवायचा, शिरेतून औषध द्यायचे, आणि तरीही दुखत असेल तर पूर्ण भूल देऊ करायची, असा सर्वमान्य क्रम आहे. ओढ आणि वेदना यांतला फरक त्या स्त्रीला आधी समजावून सांगितला असेल, तर ती योग्य वेळी, ठामपणे बोलेल, आणि ती बोलली की तिच्यावर विश्वास ठेवला गेला पाहिजे. टेबलावर दुखत असताना आपले कोणी ऐकले नाही, ही आठवण टाके भरून आल्यावरही जात नाही, आणि पुढच्या गरोदरपणाची धास्ती पुष्कळदा तिथूनच सुरू होते.

पूर्ण भूल द्यावी लागलेल्या स्त्रियांचा त्रास वेगळा असतो. श्वासनलिकेत नळी घातल्यामुळे घसा एकदोन दिवस खवखवतो, एवढे शरीराचे. पण जाग आल्यावर आपले बाळ इतर सगळ्यांनी आधी पाहिलेले असते आणि मधला वेळ कोरा असतो, याची हुरहूर कित्येकींना लागते. काय घडले, कधी घडले, बाळ केव्हा रडले, हे कोणीतरी शेजारी बसून क्रमाने सांगितले की त्यांना फार बरे वाटते, हे मी अनेकदा अनुभवले आहे.

भूल उतरू लागली की त्रासांचा दुसरा गट येतो. पाठीतल्या औषधात मॉर्फिनसारखे वेदनाशामक मिसळलेले असेल तर नाक, चेहरा, छाती यांना खाज सुटते आणि ती दिवसभर टिकू शकते. औषधाची ॲलर्जी आली असे समजून घरचे लोक धावपळ करतात, पण बहुधा तो त्या औषधाचा नेहमीचाच परिणाम असतो. अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले किंवा धाप लागली तर गोष्ट वेगळी, तेव्हा ताबडतोब हाक मारायची. याहून कोड्यात टाकते ते खांद्याचे दुखणे. शस्त्रक्रिया पोटाची आणि कळ खांद्यात, हे कोणालाच उमगत नाही. पोटात राहिलेली हवा, रक्त किंवा गर्भजल श्वासपटलाला टोचत राहते, आणि श्वासपटल व खांदा यांच्या नसा मानेतल्या एकाच भागातून निघत असल्याने मेंदूला ते दुखणे खांद्याचे वाटते. एकदोन दिवसांत ते जाते. आतडी मंदावल्याने पोटात धरणारा वात मात्र टाक्यांपेक्षा जास्त छळतो, असे कित्येक जणी सांगतात. लवकर उठून चालणे, लवकर खाणेपिणे सुरू करणे आणि साधे च्युइंगम चघळणे, यांनी आतडी लवकर कामाला लागतात हे अभ्यासांतून दिसून आले आहे.

डोकेदुखीबद्दल थोडे सविस्तर लिहिते, कारण तिच्याबद्दल चुकीच्या समजुती फार आहेत. सुईने मज्जारज्जूभोवतीच्या आवरणाला पडलेल्या छिद्रातून पाणी झिरपत राहिले की दोनतीन दिवसांत विशिष्ट प्रकारची डोकेदुखी सुरू होते. उठून बसले की डोके ठणकते, मान आखडते, कानांत दडे बसल्यासारखे होते, आणि आडवे झाले की काही मिनिटांत उतार पडतो. हल्लीच्या बारीक, पेन्सिलीच्या टोकासारख्या सुईने ती शंभरात एखादीला किंवा त्याहूनही कमी जणींना होते. एपिड्युरलची, म्हणजे त्या आवरणाच्या बाहेरच औषध सोडण्याच्या भुलीची, जाड सुई चुकून आत गेली तर मात्र निम्म्याहून अधिक जणींना होते. ही डोकेदुखी नवी नाही. जर्मन शल्यचिकित्सक ऑगस्ट बियर यांनी १८९८ मध्ये ही भूल प्रथम वापरात आणली तेव्हा स्वतःवरच प्रयोग करून घेतला होता, आणि त्यानंतर कित्येक दिवस त्यांना आडवे पडूनच राहावे लागले होते. म्हणजे ज्या दिवशी ही भूल आली त्याच दिवसापासून तिचा हा त्रासही वैद्यकाला माहीत आहे.

असे असूनही आजही बाळंतिणीला उशी काढून दिवसभर सपाट निजवून ठेवले जाते आणि मान उचलली म्हणून रागावले जाते. सपाट पडून राहिल्याने ही डोकेदुखी टळत नाही, हे अभ्यासांनी दाखवून दिले आहे. उलट त्या सक्तीमुळे बाळाला पाजणे अवघड होते, चालणे लांबते, आणि नंतर डोके दुखलेच तर "तूच मान हलवलीस" असा दोष त्या बिचारीच्या माथी येतो. बहुतेक जणींना पुरेसे पाणी, वेदनाशामक गोळ्या आणि थोडे दिवस एवढे पुरते. ज्यांना उठून बसणेच अशक्य होते, त्यांच्यासाठी चांगला उपाय उपलब्ध आहे: तिच्याच दंडातले साधारण २० मिलिलिटर रक्त काढून ते पाठीच्या कण्यातील आवरणाबाहेर सोडतात, ते तिथे गोठते आणि छिद्र बुजते. १९६० पासून हा उपाय माहीत आहे. तरीही आठ-आठ दिवस अंधाऱ्या खोलीत पडून राहिलेल्या बाळंतिणी असतात, कारण असा काही उपाय आहे हे त्यांना कोणी सांगितलेले नसते आणि रुग्णालयातून घरी गेल्यावर डोकेदुखीसाठी भूलतज्ज्ञांना विचारायचे असते हे त्यांना सुचणे शक्य नसते.

याच ठिकाणी एक सावधगिरीही सांगितली पाहिजे. प्रत्येक डोकेदुखी सुईची नसते. बाळंतपणानंतर रक्तदाब तिसऱ्या ते सहाव्या दिवसाच्या सुमारास सर्वांत जास्त चढतो, आणि गरोदरपणात कधीही न वाढलेला रक्तदाबही पहिल्या सहा आठवड्यांत वाढू शकतो. आडवे झाल्यावरही न थांबणारी डोकेदुखी, डोळ्यांपुढे चमकणे किंवा अंधुक दिसणे, बरगडीखाली उजव्या बाजूला दुखणे, यांपैकी काहीही असेल तर आधी रक्तदाब मोजायचा. तो १४०/९० किंवा त्याहून अधिक असेल तर डॉक्टरांना त्याच दिवशी कळवायचे, आणि १६०/११० च्या घरात असेल तर तडक रुग्णालय गाठायचे.

जाता जाता पाठदुखीबद्दल. पाठीत सुई टोचल्यामुळे आयुष्यभर पाठ दुखते, ही समजूत इतकी खोलवर रुजली आहे की काही स्त्रिया केवळ त्या भीतीने पूर्ण भूल मागतात. सुईच्या जागी काही दिवस दुखरेपणा राहतो. पुढे महिनोन् महिने राहणारी पाठदुखी ही गरोदरपणात सैल पडलेले सांधे, ताणलेले पोटाचे स्नायू आणि वाकून वाकून बाळाला पाजणे यांची असते, आणि ती नैसर्गिक प्रसूती झालेल्यांनाही असते.

वॉर्डातले बाकीचे त्रास लहान वाटतात, पण एकदम येतात म्हणून जड जातात. सिझेरियन झाल्यावर अंगावरून जात नाही असा कित्येकींचा समज असतो. प्रत्यक्षात चार ते सहा आठवडे जाते, कारण वारेची जागा दोन्ही प्रकारांत सारखीच भरून यायची असते. बाळाला पाजताना पोटात कळा येतात, दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला तर जास्तच, आणि टाके तुटले की काय अशी भीती वाटते. ते गर्भाशय आवळले जाण्याचे लक्षण आहे. पावलांची सूज घरी गेल्यावर कमी होण्याऐवजी काही दिवस वाढते. दूध उतरायला एखादा दिवस उशीर लागू शकतो, आणि त्या एका दिवसात "हिला दूधच नाही" असा निकाल देऊन टाकला जातो. लघवीची नळी काढल्यावर पहिल्यांदा लघवीची जाणीवच होत नाही असेही घडते, म्हणून सहा तासांत लघवी झाली नाही तर सांगायचे. टाक्यांच्या वरची कातडी बधिर राहते, कारण तिथल्या बारीक नसा छेदात कापल्या जातात. हा बधिरपणा महिनोन् महिने टिकतो आणि काहींच्या बाबतीत कायमचा राहतो. आपल्याच पोटाला हात लावल्यावर ते दुसऱ्या कोणाचे वाटावे, ही जाणीव फार विचित्र असते आणि बायका ती कोणाजवळ बोलत नाहीत.

बाळाच्या बाजूनेही दोन गोष्टी सांगायला हव्यात. शंभरात एकदोन बाळांना गर्भाशय उघडताना पात्याचा ओरखडा बसतो, तो बहुधा लहान असतो आणि भरून येतो. कळा सुरू होण्याआधी, विशेषतः ३९ आठवडे पूर्ण होण्यापूर्वी काढलेल्या बाळाच्या फुप्फुसांतले पाणी लवकर शोषले जात नाही, त्यामुळे ते भराभर श्वास घेते आणि त्याला काही काळ नवजात कक्षात ठेवावे लागू शकते. सोयीची तारीख काढणाऱ्या कुटुंबांनी ही गोष्ट जरूर लक्षात घ्यावी.

वर सांगितलेले बहुतेक त्रास धीराने निभावण्यासारखे आहेत. पण काहींच्या बाबतीत धीर धरणे घातक ठरते, आणि स्त्रीला हाच फरक माहीत नसतो. दोन्ही पाय सुजणे साधे, पण एकाच पायाची पोटरी सुजली, लाल झाली आणि दुखू लागली तर शिरेत रक्ताची गुठळी झाल्याची शंका घ्यावी. सिझेरियननंतर हा धोका नैसर्गिक प्रसूतीच्या साधारण चौपट असतो. ती गुठळी फुप्फुसात गेली तर एकाएकी धाप लागते, छातीत दुखते, आणि तेव्हा एक तासही दवडायचा नसतो. तासाभरात एक पॅड पूर्ण भिजत असेल, मोठ्या गाठी पडत असतील, ताप ३८ अंश सेल्सिअसच्या वर गेला असेल, जखम लाल होऊन पू येत असेल, अंगावरून जाणाऱ्याला घाण वास येत असेल, तर पुढच्या तपासणीची तारीख यायची वाट पाहायची नाही. जखमेचा जंतुसंसर्ग पुष्कळदा घरी गेल्यानंतरच डोके वर काढतो, आणि घरी त्याकडे पाहणारे कोणी नसते, कारण सगळ्यांचे डोळे बाळाकडे लागलेले असतात.

मनाचेही असेच आहे. तिसऱ्या ते पाचव्या दिवशी कारण नसताना रडू येणे नेहमीचे आहे आणि ते दोन आठवड्यांत ओसरते. त्यापुढेही उदासी टिकली, बाळाबद्दल काहीच वाटेनासे झाले, शस्त्रक्रियागृहातले क्षण पुन्हा पुन्हा डोळ्यांपुढे येऊन झोप उडू लागली तर तो आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत. स्वतःला किंवा बाळाला इजा करण्याचे विचार येणे, झोपेची गरजच न वाटणे, भास होणे, ही तर तातडीची वेळ आहे. "बाळ सुखरूप आहे ना, मग रडतेस कशाला?" या वाक्याने त्यातले काहीच बरे होत नाही.

पुढच्या काळाबद्दल थोडक्यात. टाक्यांजवळ एखादी गाठ होऊन ती दर पाळीच्या वेळी सुजत आणि दुखत असेल, किंवा पाळी संपल्यावरही कित्येक दिवस डाग जात असेल, तर त्याचा जुन्या छेदाशी संबंध असू शकतो, हे कित्येक वर्षे कोणाच्या लक्षात येत नाही. पुढच्या गरोदरपणात वार जुन्या व्रणावर रुजण्याची शक्यता प्रत्येक सिझेरियनगणिक वाढत जाते, म्हणून पुन्हा दिवस गेले की पहिल्या काही आठवड्यांतच सोनोग्राफी करून गर्भ कुठे रुजला आहे ते पाहून घ्यावे आणि आधीच्या शस्त्रक्रियेचे कागद जपून ठेवावेत.

हे सगळे सांगितले तर बायका घाबरतील, असे काही डॉक्टर म्हणतात. माझा अनुभव नेमका उलटा आहे. ज्या स्त्रीला कापरे भरेल हे माहीत असते ती कापरे भरल्यावर हसून "हेच ना ते?" असे विचारते. भीती माहितीने येत नाही, अंगात काहीतरी भलतेच चालले आहे आणि कोणी काही बोलत नाही, यातून ती येते. सिझेरियनने असंख्य माता आणि बाळे वाचली आहेत, आणि मी ती वाचताना पाहिली आहेत. म्हणूनच ही शस्त्रक्रिया भीतीचा विषय होऊ नये असे मला मनापासून वाटते.

त्यासाठी फार खर्चाचे काही करावे लागणार नाही. ही माहिती सातव्या-आठव्या महिन्यातच प्रत्येक गरोदर स्त्रीला द्यावी, जिची नैसर्गिक प्रसूती अपेक्षित आहे तिलासुद्धा, कारण पुष्कळ सिझेरियन ऐनवेळी ठरतात आणि कळा सोसणाऱ्या बाईला त्या घटकेला काहीही ऐकू जात नाही. शस्त्रक्रिया चालू असताना तिच्या उशाशी एका व्यक्तीने फक्त तिच्याशी बोलण्यासाठी थांबावे आणि आता दाब येईल, आता मळमळेल, हे आधी सांगत राहावे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ च्या शिफारशींत प्रसूतीनंतर ४८ ते ७२ तासांत, ७ ते १४ दिवसांत आणि सहाव्या आठवड्यात तपासणी सुचवली आहे. त्यांपैकी मधली तपासणी बाळाच्या वजनापुरती न ठेवता आईचा रक्तदाब, जखम, पाय आणि मन यांचीही व्हावी. घरी सोडताना दिल्या जाणाऱ्या कागदावर केवळ गोळ्यांची नावे असू नयेत. कोणत्या त्रासात थांबायचे, कोणत्या त्रासात निघायचे, हे रोजच्या मराठीत लिहिलेले असावे आणि रात्रीही उचलला जाईल असा एक फोन क्रमांक त्यावर असावा.

आपल्या दैनिकालाही एक विनंती आहे. धोक्याच्या या खुणा आरोग्याच्या पानावर ठळक अक्षरांत, वेळोवेळी छापाव्यात. बाळंतिणीला त्या दिवसांत वर्तमानपत्र हातात घ्यायला सवड नसते, पण तिची आई, सासू, नवरा ते वाचतात, आणि मध्यरात्री तिला धाप लागली तर सकाळपर्यंत थांबायचे की लगेच निघायचे, हे बहुतेक घरांत तेच ठरवत असतात.

आपली नम्र,
प्रसूती विभागातील एक निवृत्त परिचारिका